दोन आखातांचं वारं

डल्सी ट्रेझाइसचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. बेकरीत शिरली की आधी भट्टीचं दार उघडून हात आत धरायची, मग पिठाकडे वळायची. शनिवारी काम जास्त, कारण शनिवारी अख्ख्या गावाला पेस्ट्या लागतात. म्हणजे बटाटा, सलगम, कांदा आणि मांस भरून कडा पिळलेल्या करंज्या. डल्सी एका हाताने कडा पिळायची आणि दुसऱ्या हाताने पुढची उचलायची. अकराला एप्रन खुंटीवर, आणि जेवणाआधीच ती रायफल घेऊन चांदमारीवर.

मी तीस वर्षं धक्क्यावर बार्लीची पोती वाहिली. थकलेलं माणूस कसं चालतं ते मला दुरून कळतं. डल्सी थकलेलीच यायची. पण रायफलीच्या मागे पालथी पडली की तिचा हात हलायचा नाही. मनगटं कणकेने घडवलेली. नेम धरण्यात आमच्या क्लबात तिच्या तोडीचं कोणी नव्हतं.

वारा मात्र तिला येत नव्हता.

नऊशे यार्डांवर नेम हे निम्मंच काम. गोळीला तिथे पोचायला सव्वा सेकंदाच्या वर लागतं आणि तेवढ्या वेळात वारा तिला ढकलतो. उजवीकडून वारा असेल तर गोळी डावीकडे जाते, म्हणून रायफलीवरची नेम सरकवणारी चक्री उजवीकडे फिरवायची. किती घरं फिरवायची, तेवढंच शिकायचं. ऐकायला सोपं आहे.

बाकी गावांना एक समुद्र असतो. आम्हाला दोन आहेत. अ‍ॅडलेडच्या पश्चिमेचं आमचं द्वीपकल्प बोटासारखं लांब आणि कूरानी गाव त्या बोटाच्या मधोमध. पश्चिमेला एक आखात, पूर्वेला दुसरं. जेवणाची वेळ टळली की दोन्हीकडून समुद्राचं वारं चढतं आणि बार्लीच्या शेतांवर कुठेतरी एकमेकांना भिडतं. कुठे, ते रोज वेगळं. आम्ही दक्षिणेकडे तोंड करून गोळ्या झाडतो. म्हणजे पश्चिमेचं वारं उजव्या अंगाला, पूर्वेचं डाव्या. मैदानावर तीन झेंडे आहेत. जवळचा, मधला आणि टार्गेटजवळचा. कित्येकदा जवळचा डावीकडे फडफडतो, लांबचा उजवीकडे आणि मधला सासऱ्यासमोर बसलेल्या जावयासारखा गप्प. बाहेरगावचे नेमबाज पहिल्यांदा ते बघून हसतात. मग शिव्या देतात.

डल्सीला या सगळ्याची गरज नऊ वर्षं पडली नाही, कारण ती क्लबाच्या संघातून खेळायची. संघाच्या सामन्यात वारा वाचणारा वेगळा असतो. तो दुर्बीण घेऊन बाजूला बसतो. तो म्हणणार, "तीन उजवे." नेमबाजाने चक्री फिरवायची आणि गोळी सोडायची. आमचा वारा वाचायचा कॅप्टन नॉस्के. बांध्याने आडवा, मिशा पिवळ्या, स्वतःचं शेत. डल्सीने त्याचं ऐकलं आणि टार्गेटच्या मधे मारत राहिली.

एका शनिवारी सामना संपल्यावर सगळे शेडमध्ये चहा घेत होतो. पाहुण्या क्लबातल्या कोणीतरी डल्सीची तारीफ केली.

"डल्सी?" नॉस्के म्हणाला. "ती माझा हातोडा आहे. फार चांगला हातोडा. पण खिळा कुठे ठोकायचा ते हातोडा ठरवत नाही."

सगळे हसले. डल्सीही हसली. मग तिने सगळ्यांचे कप विसळले, पालथे घातले आणि हात पुसत नॉस्केसमोर येऊन उभी राहिली.

"कॅप्टन, जिल्ह्याच्या निवडीला माझं नाव घाला."

"ती एकेकट्याची असते."

"माहीत आहे."

"तुझ्या कानाशी कोणी नसणार. शेजारच्याने शब्द काढला तरी दोघांचे गुण जातात."

"तेच तर पाहिजे."

नॉस्केने मिशी चावली. "नोव्हेंबरात आहे. इथेच. नऊशेवर. सहा जण घेतात. बघ बाई."

त्या सहांत नाव आलं तर ती नेमबाज. नाही आलं तर जन्मभर हातोडा. असं कोणी म्हणालं नाही, पण शेडमधल्या सगळ्यांना ते कळलं होतं.

मग शिकवणं सुरू झालं. शिकवणारे तिघे, हीच पहिली गडबड.

नॉस्केचं म्हणणं, मधला झेंडा बघ. तिथे गोळी सगळ्यात उंच असते, तिथे वारा जोरात असतो.

माझं म्हणणं, जवळचा बघ. सुरुवातीला ढकललेली गोळी शेवटपर्यंत बाजूला जात राहते. उंबऱ्यात ठेच लागलेला माणूस अंगणभर धडपडतो, तसं.

तिसरा तिचा नवरा डेन्झिल. खेकड्यांच्या जाळ्या टाकायचा. त्याने आयुष्यात रायफल धरली नव्हती, पण वाऱ्याबद्दल त्याला विचारावंच लागत नसे.

"झेंडे कसले बघतेस? वारा गालावर घ्यायचा. गाल कशाला दिलाय देवाने?"

"गाल इथे आहे, डेन्झिल. टार्गेट तिथे आहे."

"मग तिथे जाऊन गाल लाव."

ती खरंच गेली. आमच्यात प्रत्येकाला पाळीने टार्गेटखालच्या खंदकात बसावं लागतं. वरून गोळी कडाडत जाते, मग टार्गेट खाली ओढायचं, भोकात चकती लावायची आणि परत वर ढकलायचं. डल्सीने पाळी नसताना दोन शनिवार मागून घेतले. परत आली तेव्हा चेहऱ्यावर चुन्याची धूळ आणि डोळ्यांत चमक.

"क्लेम, मला कळलं. लांबचा झेंडा आधी फिरतो. पूर्वेचं वारं आधी तिथे पोचतं, मग इकडे येतं. लांबचा फिरला की जवळचा फिरायच्या आत मारायचं."

मी म्हणालो, करून बघ. पुढच्या शनिवारी जवळचा झेंडा आधी फिरला. त्याच्या पुढच्या शनिवारी मधला. ती चहाच्या वेळी माझ्याकडे न बघता बिस्किट बुडवत बसली आणि ते कपातच राहिलं.

दुर्बिणीतून बघायला नॉस्केने शिकवलं. ऊन तापलं की जमिनीवरून झळा उठतात. वारा उजवीकडून आला तर त्या पाण्यासारख्या डावीकडे वाहताना दिसतात. झेंडा मागाहून कळवतो, झळा लगेच सांगतात. हे तिला आवडलं. पण एका दुपारी झळा कुठेच वाहिनात, सरळ वर उकळायला लागल्या.

"म्हणजे वारा नाही ना, कॅप्टन?"

"आहे. तुझ्या तोंडावर नाहीतर पाठीवर."

"मग काय लावू?"

"काही लावू नकोस. थांब."

"कुठवर?"

"वळेपर्यंत."

"कुठे वळेपर्यंत?"

"ते वळल्यावर कळेल."

डल्सीने दुर्बिणीवरून डोळा काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बुटाची नाडी सोडून परत बांधली.

शिकणाऱ्या सगळ्यांची जी चूक होते ती तिचीही झाली. आमच्यात तिला चकतीमागे धावणं म्हणतात. गोळी डावीकडे लागली, चकती डावीकडे दिसली, की माणूस चक्री उजवीकडे फिरवतो. तोवर वारा मेलेला असतो. पुढची गोळी उजवीकडे. मग परत डावीकडे. दहा गोळ्यांत माणूस वाऱ्याच्या एक पाऊल मागे अख्खं टार्गेट फिरून येतो. डल्सी सगळा हिवाळा अशी फिरली. ज्या शनिवारी ती थकलेली असे त्या शनिवारी जास्त. मी सांगितलं, नॉस्केने सांगितलं, उपयोग झाला नाही. शेवटी डेन्झिल जेवताना म्हणाला, "गेलेल्या लाटेला होडी बांधतेस का तू?" आणि ते तिच्या डोक्यात बसलं. कसं ते मला माहीत नाही. आम्ही तेच सांगत होतो.

तरी काही गोळ्या अशा जायच्या की त्यांचा हिशेब लागत नसे. तीनही झेंडे एका बाजूला, झळा त्याच बाजूला, चक्री बरोबर, हात स्थिर. आणि चकती भलतीकडेच. ती विचारायची, "यात मी काय वाचलं नाही?" मी म्हणायचो, एखादी झुळूक असेल, जी आपल्याला दिसली नाही. नॉस्के म्हणायचा, "गोळी झेंड्यांच्या वरून जाते. वर काय चाललंय ते देवाला माहीत." ती मान हलवायची आणि त्या न दिसणाऱ्या झुळकीला शोधायला पुढचा शनिवार घालवायची. एका महिन्यात तिने हजेरी कधी चुकवली नाही आणि एकही नवी गोष्ट नक्की केली नाही. एवढी मेहनत मी धक्क्यावर कोणाची बघितली असती तर मुकादमाला सांगून त्याला हलकं काम मिळवून दिलं असतं.

आमच्याकडे नोव्हेंबरात उन्हाळा तोंडावर येतो, आणि तो दिवस उष्णच निघाला. चिठ्ठ्या काढल्या आणि एका टार्गेटवर डल्सी आणि मी अशी जोडी पडली. आमच्यात दोघे आळीपाळीने एकाच टार्गेटवर मारतात आणि एकमेकांचे गुण लिहितात. मी आधी, ती नंतर. माझ्याकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती, माझीही नव्हती. पाळी आल्यावर पाऊण मिनिटात गोळी सोडायची. बोलायचं नाही.

तिने सुरुवात चांगली केली. दोन्ही वारी भिडत होती, पण दमाने. ती थांबायची, झळा बघायची, चक्री फिरवायची, मारायची. मधेमधे एखादी गोळी कडेला जायची, पण चकतीमागे ती धावली नाही. एकदा मला वाटलं ती चुकीच्या बाजूला फिरवते आहे. जीभ दाताखाली धरली. पुरे पाच गुण आले. मग मी माझ्या मताप्रमाणे मारलं आणि मला तीन. त्यानंतर मी तिच्या चक्रीकडे बघणं बंद केलं.

शेवटच्या, दहाव्या गोळीपर्यंत बाकीच्यांचे आकडे खडूने फळ्यावर लागले होते. सहावी जागा शेजारच्या क्लबातल्या एका न्हाव्याकडे होती. डल्सीला चार हवे होते. तीन आले तर न्हावी.

माझी शेवटची गोळी. जवळचा झेंडा उजवीकडच्या वाऱ्याने ताठ. लांबचा उलट दिशेला. मधला लोंबत होता. मी जवळच्याचं ऐकलं, तीन उजवे लावले आणि सोडली. टार्गेट खाली गेलं, वर आलं. चकती पार उजव्या कडेला. दोन गुण.

डल्सीची पाळी. ती माझी चकती बघत होती. मला कळत होतं तिच्या मनात काय चाललंय. क्लेमने उजवे लावले आणि गोळी उजवीकडे गेली, म्हणजे वारा डावीकडचा. पण ही क्लेमची चकती, गेलेली लाट. आता तिच्यामागे धावायचं नाही. तिने मान वळवून झेंडे बघितले. जवळचा आणखी ताठ झाला होता. तिचा हात चक्रीवर गेला. डोळे झेंड्यांवर, बोटं घरं मोजत होती. उजवीकडे. मधला झेंडा जरा हलला, तशी परत. झळा उकळायला लागल्या, तिने हात काढला. मग पुन्हा चक्रीवर. मागे. पुढे. मी मनात सेकंद मोजत होतो. मधला झेंडा पुन्हा मेला. तिने गाल लाकडाला लावला आणि मारली.

टार्गेट खाली गेलं. खंदकातल्यांना चहा पिऊन मग भोक शोधायची सवय असावी असं वाटलं. वर आलं तेव्हा चकती उजव्या बाजूला, चारच्या रेघेच्या आत कशीबशी.

"चार," मी मोठ्याने म्हणालो. ते म्हणायला परवानगी असते.

मागे टाळ्या वाजल्या. आमच्या पद्धतीप्रमाणे उठण्याआधी जोडीदाराने दुसऱ्याची रायफल रिकामी आहे ना ते बघायचं. मी खिट्टी ओढली, आत बघितलं. रिकामी. मग माझी नजर चक्रीवर गेली.

"डल्सी, तू काय लावलं होतंस?"

"दोन उजवे."

"चक्री एक डावीकडे आहे."

ती गुडघ्यांवर बसली आणि वाकून बघू लागली. मग बोटांवर मोजायला लागली. "चार उजवीकडे. दोन मागे. मग झळा उकळल्या म्हणून... तीन मागे? की एक?" तिने दोनदा मोजलं आणि दोनदा वेगळं उत्तर आलं.

गोळी एक डाव्यावर सुटून उजव्या बाजूला लागली होती. तिने मनात ठरवलेले दोन उजवे खरंच लावले असते तर गोळी माझ्या गोळीच्या शेजारी जाऊन लागली असती. दोन गुण. म्हणजे वाचलं ते चूक, लावलं ते चूक आणि आले ते चार.

ती सरळ नॉस्केकडे गेली. मी मागोमाग. तो फळ्यावर तिचं नाव लिहीत होता.

"कॅप्टन, थांबा. मी वारा वाचला नाही. मी घरं मोजायला चुकले."

"गोळी कुठे लागली?"

"चारमध्ये."

"मग? कागद विचारत नाही."

"तुम्ही विचारता. हातोडा म्हणालात."

नॉस्केने खडू खाली ठेवला. "खरं सांगू? आज दुपारभर मी दुर्बीण लावून बसलो होतो. उगाच, स्वतःशी खेळायला. प्रत्येकाच्या आधी मनात वारा सांगायचो. निम्म्या वेळी माझाही चुकला." त्याने मिशी चावली. "शेवटच्या गोळीला मी दोन उजवे म्हटलं होतं."

"मग आपण दोघंही चुकलो?"

"किंवा दोघंही बरोबर आणि गोळी चुकली."

"गोळी कशी चुकेल?"

"मला काय माहीत, बाई. लिहू का नाव?"

तिने खाली ठेवलेला खडू उचलून त्याच्या हातात दिला. "लिहा," ती म्हणाली. बाकीच्या नऊ गोळ्या तिच्याच होत्या, आणि त्यांत चुकून आलेलं काही नव्हतं, निदान तिला ठाऊक असलेलं. पण घरी जाताना गाडीत ती पुन्हा बोटांवर घरं मोजत होती.

गोळी चुकली, हे वाक्य तिला सोडेना. रविवारी सकाळी सहाला तिने मला उठवलं. दोन्ही समुद्र झोपलेले असतात त्या वेळी. चांदमारीवर तीनही झेंडे धुतलेल्या चड्ड्यांसारखे लोंबत होते. झळा उठायला ऊनच नव्हतं. मी खंदकात उतरलो. तिने चक्री शून्यावर ठेवली, हात लावला नाही, आणि पाच गोळ्या मारल्या.

मी टार्गेट खाली ओढलं आणि बघत राहिलो. भोकं दोन ताटांएवढ्या जागेत विखुरली होती. तिच्या हाताने बिनवाऱ्याच्या वेळी कधी बशीच्या बाहेर मारलं नव्हतं. मी टार्गेट खांद्यावर टाकून नऊशे यार्ड चालत तिच्याकडे आणलं, कारण हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

"क्लेम, झेंडे बघ."

"लोंबतायत."

"मग ही कुठल्या वाऱ्याने गेली?" तिने एका भोकात बोट घातलं. "आणि ही?"

मंगळवारी ती बसने अ‍ॅडलेडला गेली. बंदुका दुरुस्त करणारा म्हातारा होता तिथे. त्याने नळीत बारीक दिवा सोडला, डोळा लावला आणि लगेच काढला. गोळीला गिरकी देणारे आतले आटे पुसले गेले होते, तोंडाशी नाही, गोळी जिथे भरतात त्या मागच्या टोकाशी. तिथे डोळ्याला दिसत नाही. एवढ्या गोळ्या मारल्यावर होतंच, तो म्हणाला.

"कधीपासून?" डल्सीने विचारलं.

"सांगता येत नाही. सहा महिने. वर्षही असेल. हळूहळू जातं."

म्हणजे वारा शिकायला म्हणून तिने ज्या गोळ्या झाडल्या, त्यांनीच नळी खाल्ली. आणि नळी खाल्ली गेल्यावर जी गोळी भरकटली, तिला आम्ही सगळे वारा म्हणत बसलो. ती न दिसणारी झुळूक. निम्म्या गोष्टी वाऱ्याच्या होत्या, निम्म्या नळीच्या, आणि कुठल्या कुणाच्या ते आता कोणी वेगळं करू शकत नाही. शेवटच्या गोळीला तिने वाचलेलं बरोबर होतं का? होतं असेल. नॉस्के आणि मी त्यावर शेडमध्ये अनेकदा भांडलो आहोत. मी दोन्ही बाजूंनी भांडलो आहे.

"म्हणजे वर्षभर वाऱ्याला उगाच शिव्या दिल्यास," डेन्झिल म्हणाला.

"सगळ्या उगाच नव्हत्या," डल्सी म्हणाली. "पण कुठल्या परत घ्यायच्या ते कळत नाही."

जिल्ह्याचा सामना मार्चात होता. त्याआधी नवी नळी बसवून, तिच्यावर सुरुवातीपासून सगळं पुन्हा शिकायला हवं होतं. जवळचा झेंडा, मधला झेंडा, झळा. नऊ वर्षं नॉस्केचं ऐकलेलंही आता तपासून बघणार, असं ती म्हणाली. नॉस्के ते ऐकून म्हणाला, "बघ की. मलाही सांग काय निघतं ते."

डल्सी आणि डेन्झिलच्या स्वयंपाकघरावरचे पत्रे गंजले होते आणि दोघांनी त्या उन्हाळ्यात ते बदलायचं ठरवलं होतं. बेकरीच्या पगारातून डल्सीने त्यासाठी बाजूला ठेवलेलं, पहाटे तीनला उठून मिळवलेलं सगळं त्या म्हाताऱ्याच्या टेबलावर गेलं. डेन्झिलने पत्र्यांच्या भोकांना डांबर लावलं. नळी जानेवारीत आली.